हेडसेट नको, विहीर खणा

पत्र

"मी सातारा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवीला गणित शिकवते. वर्गात ३८ मुलं. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दोन लाख रुपये दिलेत आणि एक विक्रेता दहा व्हीआर हेडसेटची (डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणाऱ्या डब्यांची) 'लॅब' आमच्या गळ्यात मारायला टपलाय. मला वाटतं, मुलं मोबाइलवर एकत्र ब्लॉकचे (ठोकळे खणून-रचून जग बांधायचे) खेळ खेळतात, तसं काही शिकवण्यात वापरता येईल. संगणक कक्षात १४ संगणक आहेत, त्यांतले ११ चालू. एक ८ जीबी रॅमचा, बाकी ४ जीबीचे, सगळे विंडोज १० वर. इंटरनेट असून नसल्यासारखं. तास ३५ मिनिटांचा. मुख्याध्यापक म्हणतात, 'पालक विचारतील, शाळेत गेम शिकवता का? आणि गेमवर सरकारने बंदी घातली ना?' काय करू?"

उत्तर

मॅडम,

हेडसेट घेऊ नका. निदान पहिल्या वर्षी तरी नकोच. दहा हेडसेट म्हणजे ३८ मुलांतली २८ मुलं बघत उभी. ज्यांच्या डोळ्यांवर तो डबा आहे त्यांना काय दिसतंय हे तुम्हाला दिसत नाही, म्हणजे मुलगा अडलाय की भलतीकडेच फिरतोय ते कळत नाही. चार्जिंग दोन-तीन तास टिकतं, दुपारच्या तुकडीला निम्मे बंद. चष्म्यावर नीट बसत नाही, एकाच्या घामाचा फोम दुसऱ्याच्या चेहऱ्याला लागतो. मेटा या (फेसबुकवाल्या) कंपनीच्या हेडसेटवर खात्याचं किमान वय १३ आहे. २०२३ पासून १० ते १२ वर्षांची मुलं चालतात, पण पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यावरच. आणि मळमळ. डोळे सांगतात आपण चाललोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण बसलोय, त्या भांडणात पोट ढवळतं. विक्रेते डेमोला नेमका रोलर कोस्टर दाखवतात, ज्यात हे सगळ्यात जास्त होतं. पुढेमागे घ्यायचाच झाला तर एखादा घ्या, मुलाला खुर्चीत बसवून पाच-सात मिनिटं, आणि कॅमेरा एका जागी स्थिर असलेलं दृश्य.

तुमच्या मनात आलेली दुसरी गोष्ट, ब्लॉकच्या खेळाची, बरोबर आहे. मात्र 'मुलांना आवडतं' एवढ्या भांडवलावर ती टिकणार नाही, तिसऱ्या तासाला नवलाई संपते. एका जगात अनेक मुलं एकाच वेळी असण्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा काम एकट्याने उरकणारं नसतं आणि एकाची चूक दुसऱ्याला अडते. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात क्रिस डीड यांच्या गटाने 'रिव्हर सिटी' नावाचं संगणकावरचं जग बनवलं होतं. एकोणिसाव्या शतकातलं शहर, लोक आजारी पडताहेत, मुलांनी टोळी करून हिंडायचं, पाणी तपासायचं, माणसांना विचारायचं आणि कारण शोधायचं. शोधायला काहीतरी आधी होतं, जग नंतर आलं. तुमच्याकडे असा प्रश्न घराजवळच आहे.

साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधवून घेतलेली, अष्टकोनी, साधारण ५० फूट रुंद आणि ११० फूट खोल असं सगळीकडे छापलेलं असतं. ती मुलांना संगणकावर खणू द्या, पण आधी मोजायला न्या. दर मीटरला गाठ मारलेली दोरी, टोकाला वजन, ३० मीटरचा टेप. कठड्याशी एका वेळी चारच मुलं, दोरी तुमच्या किंवा सरांच्या हातात. नाव बारा मोटांचं आहे, पण मोटेच्या जागा प्रत्यक्षात किती हेही मोजायला सांगा. मुलांचं माप आणि छापील माप जुळलं नाही तर उत्तम, एक तास त्यावरच जाऊ दे.

आता ब्लॉक. या खेळांत एक ब्लॉक म्हणजे एक घनमीटर. ५० फूट म्हणजे १५.२४ मीटर, म्हणून रुंदी १५ ब्लॉक. पण चौकोनी ब्लॉकांतून अष्टकोन काढायचा कसा? आलेख कागदावर १५ × १५ चा चौकोन काढा आणि कोपरे पायरी-पायरीने छाटा. चार-चार पायऱ्या छाटल्या तर ओळी अशा येतात: ७, ९, ११, १३, मग १५ च्या सात ओळी, पुन्हा १३, ११, ९, ७. बेरीज १८५. पाच-पाच पायऱ्या छाटल्या तर सरळ बाजू ५ ब्लॉकांची उरते आणि बेरीज १६५ होते. १५ मीटर रुंदीच्या खऱ्या सुसम अष्टकोनाचं क्षेत्रफळ १८६.४ चौरस मीटर येतं, म्हणजे चार पायऱ्यांचा नकाशा जवळचा. पण त्यातही सरळ बाजू ७ ची, आणि तिरकी बाजू चार ब्लॉकांचे कर्ण म्हणजे साधारण ५.७ ची. खरी बाजू ६.२ च्या आसपास हवी. एकही नकाशा पुरता बरोबर येत नाही आणि का येत नाही याचं उत्तर २ च्या वर्गमुळात आहे. हे मुलांनीच भांडून शोधावं, तुम्ही फळ्यावर लिहून टाकू नका.

खोली ११० फूट, म्हणजे ३३.५३ मीटर. ३३ धरायची की ३४? अर्धा मीटर इकडेतिकडे म्हणजे ९० हजार लिटरच्या घरात फरक. ३४ धरली तर खणायचे ब्लॉक ३४ × १८५ = ६,२९०. एकट्याने सेकंदाला एक काढला तरी पावणेदोन तास. आठ गटांनी वाटून घेतला तर तेरा-चौदा मिनिटं. अनेकांनी एकत्र खेळण्याची गरज मुलांना इथे आपोआप कळते.

आणि अष्टकोनाला बाजू आठ, तुमचे गटही तेवढेच पडतात. ३८ मुलांच्या १९-१९ च्या दोन तुकड्या करा. एका तुकडीत आठ जोड्या आणि एक तिघांचा गट. आठ जोड्यांना आठ बाजू, तिघांना पायऱ्यांची वाट. लागले नऊ संगणक. एक तुमचा, एक राखीव. झाले अकरा. राखीव संगणक कोणी मागितला तरी देऊ नका, कारण तासाला एक तरी माउस रुसतोच. दुसरी तुकडी त्या वेळी शेजारच्या वर्गात आलेख कागदावर काम करते, पुढच्या तासाला अदलाबदल.

जोडीत एक चालक, एक वाटाड्या. माउस चालकाच्या हातात, कागद वाटाड्याच्या. वाटाड्याने सांगितल्याशिवाय चालकाने ब्लॉक लावायचा नाही. दर सात मिनिटांनी घंटा आणि जागाबदल. हा नियम पाळला नाही तर हुशार मुलगा तासभर माउस सोडत नाही. आमच्या पाहण्यात मुली मग वाटाड्याच राहतात, म्हणून पहिली पाळी त्यांना द्या.

खेळ कोणता? 'लुआंटी'. २०२४ पर्यंत याचं नाव 'माइनटेस्ट' होतं, जुन्या माहितीत तेच सापडेल. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, खातं लागत नाही, आणि मुख्य म्हणजे इंटरनेटशिवाय शाळेच्या लॅनवर, म्हणजे केबलने जोडलेल्या आपल्याच संगणकांवर, चालतो. 'माइनक्राफ्ट एज्युकेशन' जास्त देखणं आहे, तयार धडेही आहेत, पण प्रत्येक मुलाला शाळेचं मायक्रोसॉफ्ट खातं, दर वर्षी परवाना आणि चालतं इंटरनेट लागतं. तुमच्याकडे तिसरं नाही, म्हणून विषय संपला. दुसऱ्याच्या सर्व्हरवर उभं केलेलं जग दुसऱ्याच्या मर्जीवर असतं, हेही ध्यानात ठेवा. 'सेकंड लाइफ' या ऑनलाइन आभासी जगात कितीतरी विद्यापीठांनी इमारती उभारल्या होत्या. २०१० मध्ये कंपनीने शैक्षणिक सवलत बंद करायचं जाहीर केलं आणि अनेकांनी गाशा गुंडाळला. मोझिलाचं 'हब्ज' हे तसंच जग २०१८ ला आलं, ३१ मे २०२४ ला मोझिलाने सेवा बंद केली. तुमची विहीर तुमच्या पेन ड्राइव्हवर असू दे.

जोडणी करताना खालची प्रत्येक पायरी कुठे ना कुठे अडते, म्हणून सविस्तर सांगतो.

लुआंटीची विंडोजची झिप फाइल एकदाच, चांगलं नेट असेल तिथून उतरवून घ्या. ती उजव्या क्लिकने 'एक्स्ट्रॅक्ट' करा. झिपच्या आतूनच चालवायला गेलं तर सुरूच होत नाही, ही पहिली ठेच. इन्स्टॉल करायचं काही नाही, फोल्डर कॉपी केला की झालं. तुमच्या ८ जीबीच्या संगणकावर 'कंटेंट' विभागातून 'माइनटेस्ट गेम' (लुआंटीत चालणारा मूळ खेळ) आणि 'एरियाज' नावाचा मॉड (खेळाला जोडायची पुरवणी) घ्या. हे दोन्ही मुलांच्या संगणकांवर टाकावे लागत नाहीत, तिथे फक्त लुआंटी हवं. चित्रं आणि बाकी सामान जोडणीच्या वेळी तुमच्या संगणकावरून जातं, म्हणून पहिल्यांदा आत शिरायला वेळ लागतो. तो वेळ तासात जाऊ देऊ नका, आदल्या दिवशी सगळे एकदा जोडून ठेवा. लुआंटीची आवृत्ती मात्र अकराही संगणकांवर एकच असावी.

वायफायच्या नादी लागू नका. १६ पोर्टचा नेटवर्क स्विच (संगणकांच्या केबल एकत्र जोडणारा डबा) आणि केबल. राउटर नसेल तर आयपी पत्ते (प्रत्येक संगणकाचा जाळ्यातला क्रमांक) हाताने द्या: तुमचा १९२.१६८.१.१०, मुलांचे .११ ते .१९, राखीवचा .२०, सबनेट मास्क सगळ्यांचा २५५.२५५.२५५.०. आता 'होस्ट सर्व्हर'वर टिचकी मारून खेळ सुरू केलात की विंडोजची फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारा पहारेकरी) परवानगी विचारते. तिथे 'प्रायव्हेट' आणि 'पब्लिक' दोन्ही चौकोनांत खूण करा. नुसत्या स्विचवरच्या जाळ्याला विंडोज 'अनोळखी' समजून पब्लिकमध्ये टाकतं, आणि फक्त प्रायव्हेटवर खूण असेल तर मुलांच्या पडद्यावर 'कनेक्टिंग' फिरत राहतं. दहांतल्या आठ तक्रारींचं मूळ हेच. खेळातला पोर्ट क्रमांक ३०००० आहे तोच ठेवा. एका वेळी १५ जणांची मूळ मर्यादा असते, तुम्हाला पुरते.

जग तयार करताना मॅपजेन (जमीन कशी असावी याची निवड) 'फ्लॅट' निवडा आणि 'केव्ह्ज'ची खूण काढा, नाहीतर विसाव्या थराला अचानक गुहा लागते आणि अर्धा वर्ग तिकडे पळतो. 'क्रिएटिव्ह मोड' चालू, 'डॅमेज' बंद, 'अनाउन्स सर्व्हर' बंद. मुलांच्या संगणकांवर पडदा अडखळत असेल तर सेटिंगमधलं दृश्य-अंतर मूळच्या १९० वरून ६० वर आणा, विहिरीपुरतं भरपूर झालं. आणि एक गोम: तुम्ही खेळातून बाहेर पडलात की सर्व्हर बंद, सगळी मुलं बाहेर फेकली जातात. फोन आला म्हणून एस्केप दाबून बाहेर पडू नका.

नावं 'gat1', 'gat2' अशी इंग्रजी अक्षरांत द्या, खेळ मराठी अक्षरांतली नावं घेत नाही. मुलांची खरी नावं नकोत. पहिल्यांदा त्या नावाने जो शिरतो त्याचाच पासवर्ड लागू होतो, म्हणून नोंदणी तुम्हीच करा आणि पासवर्ड चिठ्ठीवर द्या. हे मुलांवर सोडलंत तर 'gat3' च्या नावाने 'gat5' शिरणार, हे लिहून घ्या.

मोडतोड होणारच. खेळात लाव्हाची बादली असते आणि ती कोणालातरी सापडतेच. पहिला तास त्यासाठी वेगळ्या जगात मोकळा सोडा, खणू दे, पेटवू दे, चालायला-वळायला हात बसू दे. ते जग नंतर पुसून टाका. खऱ्या जगात 'एरियाज' मॉडने प्रत्येक गटाची भिंत कोपरे सांगून त्या गटाच्या नावावर करा, मग दुसऱ्याला तिथला ब्लॉक हलवता येत नाही. एखादा फारच उतला तर 'रिव्होक' हुकमाने त्याचा 'इंटरॅक्ट' हक्क काढा. तो फिरू शकतो, बघू शकतो, पण हात लावू शकत नाही. पाच मिनिटांत शहाणा होतो. 'फ्लाय' हक्क सुरुवातीला कोणालाच देऊ नका. विहीर वरून उडत बघितली की ती खेळणं वाटते, शिडीने ३४ ब्लॉक उतरलं की खोली कळते. तेव्हा शिडी आधी, खणणं नंतर. नाहीतर सगळी पलटण तळाशी आणि वर यायला वाट नाही. खेळात रात्र झाली की खाली अंधार होतो, दर चौथ्या थराला टॉर्च लावायला सांगा.

वाजवीपेक्षा जास्त विश्वास मात्र खेळावर ठेवू नका, तो पदार्थविज्ञानात खोटं बोलतो. दगडाच्या भिंतीचा पाया काढा, भिंत हवेत तरंगते. पडतात फक्त वाळू आणि खडीसारखे मोजके ब्लॉक. पाणी तर जादूचं. दोन झऱ्यांच्या ब्लॉकांमधल्या रिकाम्या जागेत तिसरा आपोआप तयार होतो, म्हणजे कितीही उपसा, संपतच नाही. शेतकऱ्याच्या मुलांना हे शिकवून पाठवणं बरं नव्हे. म्हणून घनफळाच्या कामाला पाणी वापरूच नका, निळ्या लोकरीचे ब्लॉक वापरा. एक ब्लॉक हजार लिटर, एक थर १ लाख ८५ हजार लिटर, आणि मोजलेलं मोजलेलंच राहतं. मोटेत किती लिटर मावत होतं ते मुलांनी घरी आजोबांना विचारून आणावं. त्यावरून एक मीटर पाणी उपसायला किती खेपा, हा भागाकार वहीत. शेवटी विचारा, या खेळातलं काय काय खोटं आहे? ती यादी मुलं आवडीने करतात आणि विज्ञानाच्या सरांनाही कामाला येते.

एफ५ दाबला की पडद्यावर आपली जागा तीन आकड्यांत दिसते. त्यांतला मधला आकडा उंचीचा, हे आधी सांगून ठेवा. नववीची निर्देशक भूमिती इथेच सुरू होते. खेळातल्या पाट्यांवर मराठी जोडाक्षरं नीट उमटतात का ते आधी तपासा. नसतील तर पाट्यांवर नुसते आकडे, बाकी कागदावर.

३५ मिनिटांचा हिशेब असा: संगणक मधल्या सुट्टीतच सुरू झालेले हवेत. चार मिनिटं काम सांगायला, तेव्हा सगळे पडदे बटणाने बंद, कारण उजळलेल्या पडद्यापुढे तुमचं कोणी ऐकत नाही. एकवीस मिनिटं काम, म्हणजे सात-सातच्या तीन पाळ्या. उरलेली दहा वही काढून. हे शेवटचे दहा सोडले तर शिकवणं झालंच नाही असं समजा. गुण बांधकामाला देऊ नका, वहीच्या पानाला द्या: आज किती ब्लॉक, किती घनमीटर, कुठे चुकलं.

तास संपला की सर्व्हर बंद करून 'वर्ल्ड्स' फोल्डरमधलं तुमचं जग तारखेच्या नावाने पेन ड्राइव्हवर घ्या. चालू सर्व्हरची कॉपी अर्धवट येऊ शकते. वीज गेली तर मुलांचे संगणक बंद पडू देत, तुमचा आणि स्विच यूपीएसवर असला की विहीर शाबूत.

मुख्याध्यापकांना सांगा: २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. शैक्षणिक खेळांना त्यात वेगळं धरलंय. शिवाय तुमचं काम ऑनलाइनच नाही, शाळेच्या चार भिंतींत आहे, अनोळखी माणूस आत येण्याची वाटच नाही. मुलांची नावं-जन्मतारखा बाहेरच्या कंपनीला द्याव्या लागत नाहीत, त्यामुळे २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यातला १८ वर्षांखालच्यांच्या पालक-संमतीचा व्यापही टळतो. पालकसभेत भाषण नको. दोन मुलांना विहीर दाखवू द्या आणि एका वडिलांना विचारू द्या, "या थरात पाणी किती?" एक मात्र आधीच सांगून टाका: लुआंटी मोबाइलवरही मिळतं, मुलं घरी "शाळेचंच आहे" म्हणून मागतील. शाळेचं काम शाळेतच संपतं, घरी फोन द्यायची गरज नाही, हे चिठ्ठीवर लिहून द्या.

दोन लाखांचं म्हणाल तर त्यातून आधी बंद पडलेले तीन संगणक दुरुस्त करा, सगळ्यांना एसएसडी आणि ८ जीबी रॅम, स्विच, केबल, एक यूपीएस आणि डझनभर तारेचे माउस घ्या. लिंबच्या सहलीची गाडीही त्यातच. विक्रेत्याला नुसतं विचारा: "तीन वर्षांनी तुमची सेवा बंद झाली तर यातलं काय चालेल?"

या आठवड्यात अकरा संगणकांच्या मागे लागू नका. शनिवारी शाळा सुटल्यावर फक्त दोन घ्या, मध्ये एक केबल, आयपी पत्ते भरा, फायरवॉलच्या दोन खुणा बघा. दुसऱ्या पडद्यावर 'gat1' उभा राहिलेला दिसला की सोमवारी उरलेले नऊ.